हळदविकचा हजेरीपट

लंडनभाऊंच्या किराणा दुकानात तुरीची डाळ कशातही बांधून मिळायची. मराठी पेपर, सिनेमाची फाटकी पोस्टरं, एकदा तर त्यांच्याच साळ्याच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेत मला विलायची बांधून मिळाली होती. पण विलायती वर्तमानपत्राचं शेवटचं पान गिऱ्हाइकाच्या हाती कधी लागायचं नाही. चुकून लागलंच, तर भाऊ पायजमा सावरत त्याच्या मागे बसस्टॉपपर्यंत पळायचे. "थांब बाप्पा, पुडा बदलून देतो! तुह्या साखरेसंग आमची मॅच चालली!"

नव्वदीच्या सुरुवातीला मी हिंगणघाटजवळच्या वडनेरला शाळेत इंग्रजी शिकवायला गेले आणि भाऊंच्या दुकानामागची खोली मला भाड्याने मिळाली. त्या काळी विलायतेत न खपलेली वर्तमानपत्रं रद्दी म्हणून गठ्ठ्यांनी आपल्याकडे यायची. कागद जाड, पुडा फाटायचा नाही. हिंगणघाटच्या रद्दीवाल्याकडून भाऊंना मिळणाऱ्या गठ्ठ्यात नेहमी एकच साप्ताहिक असायचं, इंग्लंडमधल्या कुठल्याशा आडबाजूच्या जिल्ह्याचं. त्याच्या शेवटच्या पानावर एल्डरविक नावाच्या गावातल्या फुटबॉल क्लबची खबरबात असे. वडनेरने एल्डरविकचं केलं हळदविक आणि भाऊंचं केलं लंडनभाऊ. या दुसऱ्या नावाचा त्यांना भारी राग. "लंडन कुठं, एल्डरविक कुठं! दीडशे मैल दूर हाय. उद्या मले कोणी मुंबईवाला म्हणन तं चालन का?"

भाऊ जुने मॅट्रिक. इंग्रजी वाचायचे, पण चढावर भरली बैलबंडी न्यावी तसे, दर दोन शब्दांनी थांबत. मोठ्या क्लबांच्या बातम्यांकडे ते ढुंकून बघत नसत. एल्डरविकचा क्लब सगळ्यात खालच्या पायऱ्यांपैकी एका पायरीवरचा. गोलकीपर पोस्टमन, कॅप्टन नळदुरुस्तीवाला. मैदान एका अंगाला इतकं उतरतं, की खालच्या बाजूने खेळणाऱ्यांना धाप लागायची. प्रेक्षक दीडशे आणि एक कुत्रा. चहा सेक्रेटरीची बायको करायची. "आपल्यासारखेच हायत बिचारे," भाऊ म्हणत. "हप्ताभर धंदा अन् शनवारी खेळ."

भाऊंनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्यांनी मला विचारलं तेव्हा माझी एम.ए.ची पदवी उघडी पडली. आम्ही दोघं डिक्शनरी घेऊन बसलो, तर डिक्शनरीने आणखी घोळ घातला. शेवटी काकूंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, तांदूळ निवडता निवडता आमचं वाचन ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं? वऱ्हाड यायच्या आधीच पंगतीत जाऊन बसणं." पुढे मी एका क्रीडाशिक्षकांना विचारलं, तर त्यांना इतकं सोपं सांगता आलं नाही.

खरी पंचाईत गठ्ठ्यांची होती. रद्दी काही तारखेप्रमाणे येत नाही. मार्चचा अंक आधी यायचा, ऑक्टोबरचा मागाहून. त्यामुळे हंगामाचा शेवट भाऊंना ठाऊक असायचा, पण सुरुवात व्हायची असायची. एकदा मी शाळेतून आले तर भाऊ गल्ल्यावर तोंड उतरवून बसलेले.

"काय झालं भाऊ?"

"नोव्हेंबर आला आज. पोस्टमन काय मस्त खेळून राह्यला! अन् फेब्रुवारीत त्याचा पाय मोडते. त्याले मालूमच नाई."

"भाऊ, ते सगळं दोन वर्षांपूर्वी होऊन गेलं."

"तिकडं झालं असन. माह्याकडं अजून व्हायचं हाय." त्या दिवशी ते धड जेवले नाहीत.

शाळेतले जुने, अर्धे कोरे हजेरीपट टाकून द्यायचे होते. ते मी त्यांना आणून दिले. मैद्याची खळ करून भाऊ त्यात कात्रणं डकवायचे आणि समोरच्या पानावर खेळाडूंची हजेरी मांडायचे. कॅप्टन हजर. पोस्टमन गैरहजर, पाय. एक सेंटर फॉरवर्ड स्वतःच्या लग्नामुळे गैरहजर होता, त्यापुढे भाऊंनी कंसात 'माफ' लिहिलं होतं. साप्ताहिकात 'पन्नास वर्षांपूर्वी' असं एक सदर यायचं, त्यातून क्लब वीटभट्टीच्या मजुरांनी कसा काढला, तेही त्यांनी जुळवून काढलं. आठ-नऊ वर्षांत नऊ हजेरीपट भरले. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नाची तारीख विचारा बरं त्यायले!"

मग एका बाजाराच्या दिवशी भाऊ भर दुपारी शाळेच्या फाटकात उभे दिसले. बाजाराच्या दिवशी दुकान सोडणारा माणूस नव्हे हा.

"मॅडम, आग लागली."

"कुठं? दुकानाला?"

"एल्डरविकले!" त्यांनी पान पुढे केलं. क्लबची लाकडी खोली जळून खाक झाली होती. फोटो, कागदपत्रं, ढाली, सगळं गेलं. आता आमचा इतिहास फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात उरला, असं सेक्रेटरी म्हणाला होता. अंक तीन वर्षांपूर्वीचा होता. "तीन वर्षं झाली जळून," भाऊ कपाळावर हात मारत म्हणाले, "अन् मी इथं चिवडा बांधून राह्यलो!"

तुमची कात्रणं आमच्याकडे जपून ठेवलेली आहेत, असं पत्र आम्ही क्लबला लिहिलं. दोन महिन्यांनी सेक्रेटरीचं सभ्य उत्तर आलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे ओळीओळीतून दिसत होतं. तरी झेरॉक्स पाठवता आल्या तर उपकार होतील, असं त्यांनी लिहिलं होतं. भाऊ हिंगणघाटला एक पान झेरॉक्स करून आले. फोटोतले अकरा खेळाडू कोळशाच्या वखारीतून निघाल्यासारखे दिसत होते. "याच्यात तं त्यायची माय त्यायले ओळखणार नाई," भाऊ म्हणाले. म्हणजे पाठवायचे तर अस्सल हजेरीपटच.

आठ दिवस ते घुम्यासारखे वागले. गिऱ्हाइकाने मीठ मागितलं तर साबुदाणा द्यायचे. रोज एक हजेरीपट काढून पहिल्या पानापासून वाचायचे. नवव्या दिवशी काकू म्हणाल्या, "असे काऊन करता? घर त्यायचं जळलं. फोटो त्यायचेच हायत. ज्याचं त्याले देऊन टाका." भाऊ उठले आणि मांजरपाटाच्या कापडात नऊ हजेरीपट बांधून दाभणाने स्वतः शिवायला बसले. टाके पार कडेपर्यंत, पोतं शिवावं तसे पक्के.

पोस्टात बाबूंनी विचारलं, "आत काय आहे?"

"इंग्रजांची हजेरी," भाऊ म्हणाले.

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मवर 'जुनी कात्रणं' लिहिलं. लाखेचा शिक्का बसला तेव्हा भाऊंनी तोंड फिरवलं.

पाच महिने काहीच आलं नाही. गावातली टवाळ मंडळी विचारायची, "काय भाऊ, पोचली का हजेरी राणीले?" मग भर मे महिन्यात पार्सल आलं. क्लबने इतिहासाची छोटी पुस्तिका छापली होती आणि पहिल्याच पानावर भाऊंचे आभार मानले होते. आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, त्याचं भाऊंना काही वाटलं नाही. पण 'मुंबईजवळचे वडनेर' हे शब्द वाचून ते जे भडकले! "मुंबईजवळ? नकाशा नाई का त्यायच्याजवळ?" सोबत क्लबचा पिवळा लोकरी मफलर होता. बाहेर जीव घेणारं ऊन तापलेलं आणि हा माणूस मफलर गुंडाळून गल्ल्यावर बसलेला. घाम टिपायलाही मफलरच.

पुढे केबल आली. पोरांनी भाऊंना मोठ्या कौतुकाने विलायतेतल्या बड्या क्लबांचा सामना दाखवायला नेलं. अर्धा तास ते डोळे बारीक करून बघत बसले. मग म्हणाले, "याच्यात पोस्टमन कोण हाय?"

"भाऊ, हे सगळे करोडपती हायत."

"मंग खेळतात काऊन?" असं म्हणून ते उठून आले.

माझी वर्ध्याला बदली झाली तेव्हा भाऊ एस.टी.पर्यंत सोडायला आले होते. "येजा मॅडम," एवढंच म्हणाले. मी वर्षातून एकदोनदा जायचे. नंतर एका हिवाळ्यात बातमीच आली. सकाळी दुकान उघडताना छातीत कळ आली आणि भाऊ तिथेच गेले.

तेरवी झाल्यावर काकू एकट्या बसने वर्ध्याला माझ्या घरी आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, त्यायच्या गावाले कळवा लागते."

"कोणत्या गावाला?"

"हळदविकले."

मी कळवलं. दीड महिन्याने उत्तर आलं, ते घेऊन वडनेरला गेले आणि काकूंना मराठीत सांगू लागले. नव्या सेक्रेटरीने लिहिलं होतं, शनिवारच्या सामन्याआधी दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध उभे राहिले. भाऊंचं नाव नीट घेता यावं म्हणून निवेदकाने घरी चार दिवस सराव केला होता. सगळ्यांनी एक मिनिट शांतता पाळली. बर्फ पडत होता. आणि शेवटी: कळवायला वाईट वाटतं, पण त्या दिवशी आम्ही तीन-शून्यने हरलो.

काकूंनी पदराने डोळे टिपले.

"हरतीन नाई तं काय?" त्या म्हणाल्या. "बर्फात मिनिटभर उभं ठेवलं पोरायले. पाय आखडले असतीन."