दासगावच्या खाडीवर सुरमई, आणि वाडीत पाळणूक

आई चुलीवर सुके बोंबील भाजत होती. धूर डोळ्यांत गेला तशी म्हणाली, "एकदा ताजा मासा खायचाय. पाण्याच्या कडंला बसून. आनि दुसऱ्यानं रांधलेला." बाबा हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात लगेच प्रश्न सुरू झाले. कुठे जायचं, कसं जायचं, आणि काटा घशात अडकला तर जवळचा दवाखाना कोणता.

आमची वाडी पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, डोंगरावर आहे. भात, नाचणी आणि बकऱ्या. मासा म्हणजे आम्हाला सुकट, बोंबील आणि पावसात ओढ्यातले खेकडे. मी पोलादपुरात झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करतो, त्यामुळे चौकशी करायची सवय आहे. महाडच्या पुढे दासगावला सावित्रीची खाडी रुंद होते आणि तिथे अगदी काठावर एक मासळीचं हॉटेल आहे, असं कळलं. त्यांना मी इतक्यांदा फोन केला की शेवटी मालक म्हणाले, "पाणी हाय, खुर्च्या हायत, मासा हाय. तुमी फक्त या."

वार निवडणं सगळ्यात अवघड गेलं. आमच्या घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवारी मासमच्छी नसते. चतुर्थी, एकादशी वेगळ्या. कॅलेंडरची सगळी पानं तपासून एक बुधवार काढला. मंगळवारी शिवथरची घळ बघायची, महाडला मुक्काम करायचा, बुधवारी दुपारी मासे खायचे आणि संध्याकाळपर्यंत घरी. बकऱ्या शेजारच्या काकूंच्या हवाली केल्या.

मंगळवारी सकाळी आम्ही कापड्यापर्यंत चालत उतरलो. तिथून पोलादपूर आणि पुढे महाड एसटीने. शिवथरला थेट गाड्या थोड्याच आहेत, म्हणून स्टँडच्या बाहेरून मिनीडोर ठरवावी. जाऊन-येऊन भाडं आधीच बोलून घ्या, नाहीतर परतीला वाद होतो. रस्ता वळणांचा आहे. कुणाला उलटी झाली तर म्हणून मी प्लॅस्टिकच्या पिशव्या नेल्या होत्या. त्या लागल्या त्या ड्रायव्हरला, केळी ठेवायला.

घळीत गार वाटतं. पावसाळा संपून महिने झाले होते, त्यामुळे धबधबा बारीक होता, पण आवाज आतपर्यंत येत होता. आईने हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "काय मागितलंस गो एवढं?"

"मागितलं नाय. सांगितलं. उद्या मासा खानार हाय म्हनून. पुन्हा म्हनायला नको, सांगितलं नाय."

प्रसादाची खिचडी पोटभर मिळाली. रात्री महाडला स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. खोली साधी, पण चादर धुतलेली होती. मी ती दिव्यासमोर धरून बघितली.

बुधवारी दुपारी दासगाव. हॉटेल हायवेपासून खाली, खाडीच्या अगदी कडेला. पत्र्याची शेड, निळ्या खुर्च्या, आणि कठड्यापलीकडे पाणी. भरती होती. एक होडी बांधलेल्या जागी डोलत होती. आईने खुर्ची पाण्याकडे तोंड करून फिरवली आणि पदर सारखा करून बसली, लग्नात बसतात तशी.

इथे एक पद्धत आहे, ती जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. ऑर्डर घेण्याआधी वेटर परातीत कच्चे मासे आणून दाखवतो. आपण बोट ठेवायचं, मग तो मासा कापून तळतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. बाबांनी आयुष्यभर बकऱ्या पारखून घेतल्या आहेत. त्यांनी सुरमईचा जबडा उघडला आणि दात बघितले.

वेटर म्हणाला, "काका, चावत नाय तो आता."

"वय बघतोय," बाबा म्हणाले. "दात तर पुरे दिसतात. मादी हाय का नर?"

"काका, मला लगीन लावायचं नाय तिचं."

पलीकडच्या टेबलावरचे लोक हसायला लागले. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. खरं तर सुरमई खाडीत मिळत नाही, ती समुद्रावरून येते. खाडीचं ताजं हवं असेल तर बोय किंवा कोलंबी मागा. पण मुंबईची काकू दर मे महिन्यात वाडीत आली की सुरमईचं नाव काढते, त्यामुळे आईला सुरमईच हवी होती. एक आख्खी सुरमई तुकडे करून तळून, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असं सांगितलं. तिघांचं मिळून हजाराच्या थोडं वर गेलं. थाळी घेतली तर स्वस्त पडते.

ताटं येण्याआधीच बाबांचा फोन वाजला. बाळूकाकांचा होता. ते आमच्या गावकीचे प्रमुख. बाबांना ऐकायला कमी येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

"कुठं हाव रे तुमी?"

"महाडच्या अंगाला. बोल."

"काल रातीला बिबट्या उतरला. धोंडूची बकरी नेली. देवळात बसलाव सगळे. देवीनं कौल दिला, आजपास्नं तीन दिस पाळनूक. मासमच्छी बंद."

पाळणूक म्हणजे देवीने सांगितलेले दिवस सगळ्या वाडीने पाळायचे. एका घराने मोडली तरी सगळ्यांची मोडली असं मानतात. हे कोणत्याही कॅलेंडरवर छापलेलं नसतं. मी तपासणार तरी कुठे?

"बरं," बाबा म्हणाले. "पाळू."

"तुमी काय करताव तिकडं?"

"काय नाय. पानी बघतोय."

तेवढ्यात वेटर दोन्ही हातांत ताटं घेऊन आला आणि मोठ्याने म्हणाला, "सुरमई आली, सुरमई!"

मग बाळूकाका म्हणाले, "कोन सुरमई?"

आईने ताट हाताने लांब सरकवलं. रव्याचा वास टेबलभर पसरला होता. ती हळू आवाजात मला म्हणाली, "न्यायला सांग रं. आज मी खाल्लं आनि राती कुनाची बकरी गेली, तर जलमभर माझ्याच नावानं बोंब. आपल्याबी सहा हायत." तिचं तोंड पाण्याकडे होतं, पण ती पाणी बघत नव्हती.

बाबांनी विचारलं, "बाळू, आमी वेशीच्या भायेर हाव. लागू हाय का नाय?"

"इचारतो."

आणि देवळात चर्चा सुरू झाली. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. कुणी म्हणालं, माणूस बाहेर असला तरी चूल गावातली. कुणी म्हणालं, चूल आज पेटलीच नाय. कुणी देवीला परत कौल लावू म्हणालं, तर दुसरा ओरडला, "एका सुरमईसाठी देवीला दोनदा उठवू नको." हॉटेलचे मालक आमच्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. सुरमई दोनदा तव्यावर जाऊन आली. "आता तिसऱ्यांदा गेली तर चप्पल होईल," ते म्हणाले. पलीकडच्या टेबलावरच्यांनी जेवण थांबवलं होतं.

शेवटी बाळूकाका म्हणाले, "मोडू नका म्हनतात."

आईने फोन हातात घेतला. मी तिला गावकीशी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"भावजी, तुमचा सुरेस मुंबईला हाय. त्याची वर्गनी गावात, बकऱ्या गावात, घरावर नाव त्याचं. त्याला फोन केलाव का, आज काय खाल्लंस म्हनून?"

"मुंबई वेशीच्या भायेर हाय, वयनी."

"मंग दासगाव काय वेशीच्या आत आलं?"

देवळात कुणीतरी जोरात हसलं. बाळूकाका खोकले. मग बराच वेळ कुजबुज चालली आणि निकाल आला. बाहेर खाल्लेलं बाहेर. पण आत येताना शिवेवरच्या ओढ्यात डोक्यावरून अंघोळ करायची आणि ओल्याने देवीला नारळ द्यायचा.

"देते," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

ती जेवली. आधी अगदी हळू, घाबरत, तुकड्याभोवती बोट फिरवत. मग भाकरी बाजूला ठेवून नुसता मासा. काटा तिने असा काढला की मी पाठ केलेले दवाखान्यांचे पत्ते फुकट गेले. काटा माझ्याच घशाला लागला, आणि भाकरीच्या घासाने खाली गेला. मालकांनी आईला कोलंबी जास्तीची वाढली, त्याचे पैसे लावले नाहीत.

परतीची गाडी वेळेवर मिळाली. कापड्यावरून वर चढेपर्यंत ऊन गेलं होतं. शिवेवरच्या ओढ्याजवळ बाळूकाका आणि देवळातले सगळेच उभे होते, साक्षीला. आम्ही तिघं कपड्यांसकट पाण्यात बसलो. पाणी इतकं गार होतं की बाबांना देवीचं नावही धड घेता येईना.

आई थरथरत बाहेर आली, तशी धोंडूची बायको पुढे झाली. बकरी तिचीच गेली होती. मला वाटलं आता ती काहीतरी लावून बोलणार. तिने आईच्या खांद्यावर कोरडं लुगडं टाकलं आणि विचारलं, "कशी व्हती गो?"

आईने सांगायला सुरुवात केली. वरचा रवा कसा वाजतो, आत मांस कसं पांढरं सुटतं, कोलंबीचं कालवण भाकरीत कसं मुरतं. कुणी हलेना. बाळूकाकांनी दोनदा आवंढा गिळला.

"बास गो वयनी," ते शेवटी म्हणाले. "आमाला अजून दोन दिस काढायचे हायत."

मग ओल्यानेच देवळात जाऊन देवीला नारळ दिला. बिबट्या पुन्हा आला नाही. पण त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही मी कंदील घेऊन गोठ्यापर्यंत जाऊन आलो, आणि प्रत्येक वेळी आई आधीच तिथे उभी असायची. पाळणूक सुटली त्या सकाळी बकऱ्या बाहेर सोडताना तिला विचारलं, मासा खरंच आवडला का, की नुसतं ओढ्यावर सांगितलं.

"पैले दोन घास कायबी लागलं नाय," ती म्हणाली. "डोळ्यांपुढं बकऱ्याच. तिसऱ्यापास्नं मासा लागला."

तुम्ही जाणार असाल तर भरती बघून जा, म्हणजे पाणी कठड्यापर्यंत येतं. बाकी मी ज्या गोष्टींना घाबरलो होतो त्यातलं काही झालं नाही, आणि जे झालं त्याची तयारी कुणालाच करता आली नसती. मी हे आईला सांगितलं. ती बकऱ्यांच्या मागे चालत होती. वळून म्हणाली, "तयारी कसली? पुढल्या खेपेला तुझ्या बापाचा फोन घरात ठेवून जाऊ."