भागोजी डोर्लेकरला ताजा मासा घाण मारतो

रात्रभर मतलई सुटली होती. डोंगराकडून दर्याकडं वाहणारा हा कोरडा, गार वारा जेटीवरची घाण उचलून समुद्रात नेऊन टाकतो, म्हणून थंडीच्या दिवसांत मिरकरवाड्यात सकाळी माणसाला निदान श्वास तरी घेता येतो. बर्फ फोडायचं मशीन घरघरत होतं. रात्री लागलेल्या ट्रॉलरांतून माल उतरत होता, आणि भागोजी डोर्लेकर पालथ्या क्रेटवर बसून मासे निवडत होता. पापलेट एकीकडं, सुरमई दुसरीकडं, चेपलेला फुटलेला माल मागं खतासाठी.

भागोजीनं मिसरूड फुटायच्या आधीपासून दर्या केला. पुढं तांडेल झाला, म्हणजे होडी आणि खलाशी दोन्ही त्याच्या शब्दावर चालायचे. गुडघे गेले तेव्हा तो खाली उतरला, आणि रघू व्यापाऱ्यानं त्याला आपल्या मालावर बसवला. कशासाठी, तर नाकासाठी. माशाचा कल्ला उघडायचा, आत बोट फिरवायचं, ते नाकाशी न्यायचं, बस्स. भागोजीनं मान हलवली की माल परदेशी जाणाऱ्या कंपनीला, नाक मुरडलं की बाजारात. रघू चार व्यापाऱ्यांच्या नरड्यावर पाय देऊन मोठा झालेला माणूस, पण भागोजीच्या बोटापुढं तो गप्प बसायचा.

त्या सकाळी भागोजीनं एका सुरमईच्या कल्ल्यात बोट घातलं, नाकाशी नेलं आणि त्याच्या पोटातून एक घाणेरडा उमाळा वर आला.

“रघू, ह्यो माल कुजलाय.”

“काय?” रघू हसला. “तांडेल, ती सुरमई अजून शेपूट हलवतेय.”

“कुजलाय म्हंतो ना! घान मारतंय.”

त्यानं दुसरी उचलली. तीही घाण मारत होती. पापलेट घाण मारत होतं, बर्फ घाण मारत होता, स्वतःचा हात घाण मारत होता. रघूनं सुरमई स्वतः हुंगली, मग शेजारच्या बायकांपुढं धरली. “ह्यात काय कुजलंय, सांगा गो!”

“म्हावरं नाय कुजलं,” त्यातली एक म्हणाली, “म्हाताऱ्याचं नाक कुजलंय.”

बायका खदाखदा हसल्या. भागोजी जेटीच्या कडेला गेला आणि ओणवा होऊन ओकला. पाण्यावर डिझेलचा तवंग होता, त्यात तुटक्या चपला, प्लास्टिक, माशांची आतडी. ते बघून तो पुन्हा ओकला. रघूनं त्याला धरून वळवलं आणि उन्हात त्याचे डोळे बघितले. हळदीचं बोट फिरवल्यासारखे पिवळे.

“आयला, तांडेल! तुला तर कावीळ झालीय.”

असं म्हणताना रघूला बरं वाटलं. मालात काही खोट नव्हती.

आता भागोजीनं जेटीवर जे सांगितलं नव्हतं ते. वर्षभरापूर्वी त्याची लघवी तुंबायला लागली होती. कोल्हापूरला नेऊन तपासलं तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. परत आल्यावर इथल्या डॉक्टरांनी समजावलं होतं की ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनवर पोसते. इंजेक्शनानं ते हार्मोन तयार होणं थांबवायचं, आणि रोज एक गोळी, जी उरलंसुरलं गाठीपर्यंत पोचू देत नाही. गोळीनं कधीकधी लिव्हरला त्रास होतो म्हणून सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासायचं. लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, अन्नाची शिसारी आली तर त्याच दिवशी यायचं. हे सगळं डॉक्टर बोलले तेव्हा भागोजी समोर बसला होता. शेजारी बायको सगुणा आणि बोटीवरून रजेवर आलेला मुलगा अजिंक्य. पण कॅन्सर हा एक शब्द नवराबायकोच्या कानात शिरल्यावर मागून येणाऱ्या शब्दांना आत जागाच उरली नव्हती. अजिंक्यनं ऐकलं होतं, तो पुन्हा बोटीवर गेला.

जेटीवर भागोजीनं “लघवीच्या गोळ्या हायत” एवढंच सांगितलं. कारण जेटी काय चीज आहे हे त्याला माहीत होतं. माणूस आजारी पडला की तिथं आधी हसतात, मग रडतात, मग त्याच्या जागेवर दुसरा बसवतात. आणि ह्या गोळीनं जे केलं होतं ते तर सांगण्यासारखंच नव्हतं. मध्येच अंगातून वाफा निघायच्या, थंडीत घामानं बनियन भिजायचं. छातीला हात लागला तरी दुखायची, आणि ती वाढत होती. आरशात बघून त्याला स्वतःचीच किळस आली होती. तेव्हापासून तो बनियनवर बनियन घालायचा आणि आंघोळ दार लावून, दिवा न लावता करायचा. रक्त तपासायला एकदा गेला, पुढच्या खेपा चुकवल्या. मासळीचा हंगाम होता, आणि त्याच्या मते लघवीच्या दुखण्याला रक्त काढणं म्हणजे लुबाडणूक होती.

गोळी मात्र चुकवायचा नाही. तिच्यावर त्याचा देवावर नसेल एवढा विश्वास. कावीळ आली तरी गोळी चालूच. उलटी झाली की गोळी वाया गेली असं समजून तो दुसरी घ्यायचा. तीही पडली तर आणखी एक.

घरात सगुणाचे हाल. आयुष्यभर ती बाजारात माशांची पाटी घेऊन बसली, नवऱ्याला तिनं बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार खायला घालून वाढवलं म्हणायला हरकत नाही. आता कढीत मासा पडला की हा नाकाला पंचा लावून पडवीत.

“माज्या हाताला काय मुंग्या लागल्या?” ती आतून ओरडायची.

“तुज्या हाताला नाय. पण तो टोप भायेर ने.”

“टोप भायेर नेते. मग तुमी आत या आनी उपाशी मरा!”

तांदळाची पेज दिली तर तिलाही वास. पाण्याला वास. रात्रंदिवस अंग खाजवून पाठीवर ओरखडे पडले होते. सून दर्शना एकदा धीर करून म्हणाली, “बाबा, त्या गोळीच्या डॉक्टरांना एकदा फोन करू या?”

“त्यांचा काय संबंध? ती गोळी खालची, ही कावीळ वरची.”

रघूला त्याच्या नाकाची निकड होती. भागोजी नसला की कंपनी माल परत पाठवायची. म्हणून तो स्वतःच आपली मासळीची व्हॅन घेऊन आला. देवरूखच्या वाटेवर गंगारामबुवा कावीळ उतरवतात, तिकडं नेतो म्हणाला. भागोजी पुढं, मध्ये दर्शना. मागच्या पेट्यांतून झिरपलेलं पाणी पायाखाली आलेलं, आणि पाली गाव येईपर्यंत भागोजीनं तोंड खिडकीबाहेरून आत घेतलं नाही.

गंगारामबुवांच्या अंगणात पिवळ्या डोळ्यांची माणसं रांगेनं बसलेली. मध्ये पितळी परात, तीत चुन्याचं पाणी. बुवांनी भागोजीच्या हाताला कसलासा पाला चोळला आणि हात परातीत बुडवायला लावले. पाणी पिवळं झालं. “बघा, उतरायला लागली,” बुवा म्हणाले. रघूनं मान डोलावली. मग ताकातून कसल्या मुळाचा हिरवट, चिकट रस. शेंबडासारखी तार सुटत होती.

“दुसरा काय औषध चालू हाय?” बुवांनी विचारलं.

दर्शनानं सासऱ्याकडं पाहिलं. भागोजीनं रघूकडं पाहिलं.

“काय नाय. लघवीची गोळी तेवढी.”

रस पोटात गेला. घरी येऊन आणखी उलट्या, आणखी गोळ्या. आठवडा सरायच्या आत भागोजीचा रंग पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखा झाला. लघवी काळी. बसल्या जागी झोपायचा. सगुणा माशाचं नाव काढायची बंद झाली आणि त्यानंच ती घाबरलीय हे घरात सगळ्यांना कळलं. रघू पुन्हा व्हॅन घेऊन आला. “बुवा म्हंतात, दुसरा डोस लागतो.”

दुसऱ्या खेपेला बुवांनी वाटी पुढं केली. भागोजीनं तोंडाला लावली आणि नुसत्या वासानंच तो उठून अंगणाच्या कडेला गेला. तिथं जे पडलं ते हिरवं, कडू, पित्तानं फेसाळलेलं. कुठून तरी एक कुत्रं आलं आणि त्यात तोंड घालायला लागलं. भागोजीनं त्याला लाथ मारली, गुडघ्यावर बसला आणि त्या घाणीत बोटानं चाचपायला लागला.

रांगेतल्या माणसांनी तोंडं फिरवली. एका बाईनं पदर तोंडात कोंबला. रघू जवळ आला, दोन पावलं मागं सरला.

“तांडेल, काय करतोस? दात पडला काय?”

“गोळी,” भागोजी म्हणाला. “सकाळची गोळी. पडली असली तर दुसरी घ्यावी लागंल.”

“कसली रं गोळी?”

भागोजीनं वर बघितलं. हनुवटीला पित्त लागलेलं, बोटं बरबटलेली, शर्टाची वरची बटणं सुटून आतली दोन बनियनं आणि त्यांच्या आतलं जे लपवायचं होतं तेही दिसत होतं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. स्वतःचा त्याला एवढा वीट आला होता की लाजेला ताकद राहिली नाही.

“कॅन्सरची,” तो म्हणाला. “प्रोस्टेटचा कॅन्सर हाय मना. वरीस झालं. आता जा, बोंबल जेटीवर.”

मग बुवांनी वाटी हळूच मागं ओढली, जशी काही वाटीलाच कॅन्सर झाला असता. “मना आधी सांगायचं व्हतं,” ते पुटपुटले. “असल्यावर माजा हात नाय चालत.” भागोजीच्या शेजारी बसलेला म्हातारा ढुंगणानं सरकत सरकत लांब गेला. हे असलं माणसाचं वागणं त्या ओकारीपेक्षा घाण.

दर्शना पुढं झाली. तिनं पदरानं सासऱ्याची बोटं पुसली.

“रघूकाका, गाडी वळवा. गोळीच्या डॉक्टरकडं.”

व्हॅनमधल्या पेट्या रघूनं तिथंच रस्त्याकडेला उतरवून ठेवल्या, आणि मागचा दरवाजा उघडा ठेवून वास जाईपर्यंत थांबला. मग निघाले.

डॉक्टरांनी डोळे बघितले, पोट दाबलं, दर्शनाकडून सगळं ऐकलं आणि रक्त काढायला सांगितलं. आकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा कडवट झाला.

“ही साधी कावीळ नाही. गोळीनं लिव्हर सुजलंय. वर तुम्ही एकाच्या तीन घेतल्यात. उलटी झाली की दुसरी घ्यायची, हे कुणी सांगितलं?”

“कोनी नाय. मीच.”

“आणि तो मुळाचा रस?”

भागोजी हाताची बोटं खाजवायला लागला.

“लिव्हर आधीच आजारी, त्यावर आणखी कसला रस ओतलात देव जाणे. रक्त तपासायला का नाही आलात?”

“हंगाम व्हता.”

“डोर्लेकर, मासा घाण मारायला लागला ना, तेव्हाच यायचं होतं. नाक बरोबर सांगत होतं, फक्त ते माशाबद्दल बोलत नव्हतं.”

गोळी त्या दिवशी बंद झाली. भागोजीला दवाखान्यात ठेवून घेतलं. पहिल्या रात्रीनंतर त्यानं एकच गोष्ट विचारली. “गोळी नाय, तर गाठ वाढंल काय?”

“इंजेक्शन चालू आहे. गाठीवर नजर ठेवू, लागलंच तर दुसरं औषध देऊ. पण लिव्हर राहिलं तरच. आणि पुढं कुठलंही औषध बंद करायचं, वाढवायचं, वर आणखी काही प्यायचं, ते मला विचारून. बुवांना नाही, रघूला नाही.”

दरवाजात उभा असलेला रघू जमिनीकडं बघायला लागला.

कावीळ यायला जेवढा वेळ लागला त्याहून जायला जास्त लागला. आधी खाज कमी झाली, मग लघवीचा रंग उतरला. घरी आल्यावर जेटी येऊन गेली, सगळीच्या सगळी. बायका पडवीत बसून त्याच्याकडं भूत बघावं तशा बघायच्या, मग पपई ठेवून जायच्या. एक गडी त्याची छाती निरखत होता. भागोजीनं शर्टाचं बटण उघडलं. “बघ मेल्या, नीट बघ! हात लावून बघतोस काय?” तो पळाला. पपया सडून पडवीत माशा झाल्या. रघूनं त्याच्या जागेवर कुणाला बसवलं नव्हतं, पण ते सांगायला आला तेव्हा भागोजी त्याच्याशी बोलला नाही.

आता दर आठवड्याला रक्त काढायला तो स्वतः जातो. बाजारातून, सगुणाच्या पाटीसमोरून, उघड. परवाचे आकडे जवळजवळ ठीक निघाले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सगळं खा. सगुणानं त्या दिवशी बारीक माशाचं सार केलं, तिखट कमी. भागोजीनं दोन घास खाल्ले, तिसऱ्याला ताट सरकवलं. ओकला नाही.

“कसा हाय?” तिनं विचारलं.

“माशासारका हाय. आनी काय.”

“मग खा की.”

“नको. मन उठलंय.”

तिनं ताट उचललं, त्यातला मासा स्वतः खाल्ला आणि हात धुता धुता मागच्या दारातून ओरडली. शेजारच्यांनी गटारात पुन्हा खवलं आणि कोलंबीची टरफलं टाकली होती, पाणी तुंबून उंबऱ्यापर्यंत आलेलं. काळं, बुडबुड्यांचं, वर अळ्या वळवळणारं.

भागोजी उठला. लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला.

“घाणेरडी जात साली,” तो म्हणाला, आणि कोयतीनं गटारावरची फळी उचकटून त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. “दर्शना, बादली आन गो. आनी नाकाला काय तरी बांधून ये.”