चकचकीत रिव्हॉल्व्हर

आलमबागला आमच्या शेजारी राहणारे काका रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण डाग दिसला की त्यांचे हात अजून शिवशिवतात. आमच्याकडे चहाला आले तरी आधी कप पुसतात. त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं, परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. ते कुठलं, केवढ्याचं, हे सांगायला हजरतगंजहून एक जाणकार येणार, म्हणून काकांनी सकाळभर पॉलिशपेपरने ते घासलं.

जाणकाराने ते उलटसुलट करून पाहिलं. "साहब, कंपनी का नाम, नंबर, सब कहाँ गया? बिना नंबर का असलहा रखना तो जुर्म है!" चहा अर्धाच टाकून त्याने चपला घातल्या.

काका माझ्याकडे वळले. "पाहिलंस? एक डाग सापडला नाही त्याला."