वाळवी न लागलेली वही

जेसल पार्कात आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे आणि गेली नऊ वर्षं मी त्याचा सचिव आहे. दरवर्षी कोणीतरी पुढारी येतो, आम्हाला ओळीने बसवतो, शाली घालतो आणि फोटो निघाला की जिना उतरतो. खाडीकाठच्या या घामट गावात शाल पांघरायची कधी, हे अजून एकानेही सांगितलेलं नाही. यंदाची धरून माझ्याकडे नऊ झाल्या. सोबत आरोग्य शिबिर असतं. एक मुलगी रक्तदाब मोजते आणि "काका, डॉक्टरांना दाखवून घ्या" म्हणते. कुठल्या डॉक्टरांना, कोणाच्या पैशाने, ते तिच्या कागदावर नसतं.

पण हसायचंच तर आधी मला हसा. या कार्यक्रमात माझं ठरलेलं भाषण असतं. कारखान्यातल्या लोकांनी तरुणपणी फंड काढून उडवला, नियम समजून घेतले नाहीत, म्हणून म्हातारपणी पेन्शन नाही नि औषधपाणी नाही, असं मी दरवर्षी आवाज चढवून सांगतो. टाळ्या पडतात. यंदाही दरवर्षीसारखा पुढच्या रांगेत माझा कारखान्यातला जुना सोबती बसला होता. पेणकरपाड्याहून बायकोला घेऊन रिक्षाने आला होता. भाषणभर खोकत होता. मी खाली उतरलो तेव्हा म्हणाला, "बरोबर बोललास. अडाणीच होतो आम्ही."

तो अडाणी नव्हता. मी खोटारडा होतो. तेवढं लिहून ठेवायचं आहे.

आम्ही दोघे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आमची उमर गेली. तो पॉलिश खात्यात होता, मी टाइमकीपर, म्हणजे हजेरी लिहिणारा. पॉलिशची काळी भुकटी त्याच्या नाकातोंडात जायची. "पातेलं उजळतं, मी काळा होतो. शेठ पगार कोणाला देतो, मला की पातेल्याला?" असं तो विचारायचा आणि सगळं खातं हसायचं.

गणपती जवळ आले की माणसं माझ्या टेबलाशी यायची. कोणाला गावच्या घरावर स्लॅब टाकायचा असे, कोणाच्या बहिणीचं लग्न. सगळा फंड काढायचा तर नोकरी सुटलेली हवी आणि दोन महिने बेकारी दिसायला हवी. त्यावर आमच्या कारखान्यात तोडगा होता. माणूस कागदावर राजीनामा देई आणि दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर उभा राही. त्या दोन महिन्यांची हजेरी मी हिरव्या पुठ्ठ्याच्या वेगळ्या वहीत मांडायचो. मग फंडाचा नि विम्याचा नवा नंबर, नवी भरती. इंग्रजी फॉर्म मीच भरायचो. पेन्शनचा हिस्साही काढून घेत असल्याचं त्यात लिहिलेलं असे. मला ते वाचता येत होतं. मी ते कोणालाही वाचून दाखवलं नाही.

शेठला हे फार सोयीचं होतं, कारण दर वेळी जुना माणूस नवा व्हायचा आणि त्याची ग्रॅच्युइटी मागे पडायची. मला म्हणाला, "इनको घर बनाना है, बनाने दो. तेरी सर्विस मैं नहीं तोडूँगा." मी मान डोलावली. पुढे माझ्याच बायकोने आपणही फंड काढू या म्हटलं, तेव्हा मी तिला सलग नोकरीचा नियम नीट समजावून सांगितला. घरात सांगितला, टेबलाशी नाही.

परिणाम सरळ झाला. मला पेन्शन आहे, जेमतेम का होईना. कामगार विम्याच्या दवाखान्याचं निवृत्तांचं कार्डही आहे. माझ्या सोबत्याने तीन राजीनामे दिले, तिन्ही माझ्या अक्षरात. शेवटच्या नंबरावर त्याची कार्डाला लागणारी पाच वर्षंही भरत नाहीत. माझी छाती ठणठणीत, मला दवाखाना. त्याची फुप्फुसं पॉलिशने भरलेली, त्याला माझं भाषण.

कारखाना बंद झाला तेव्हा ती हिरवी वही मी घरी आणून माळ्यावर टाकली. दोन वर्षांपूर्वी त्याने विचारलंही होतं, "ती वही असेल का रे? सलग कामावर होतो हे दाखवता येईल." मी म्हणालो, वाळवी लागली. तिच्या पानापानावर माझी सही आहे आणि सचिवाला स्वतःची सही नको होती.

यंदाच्या भाषणानंतर आठवड्याने त्याला रात्रंदिवस धाप लागायला लागली. त्याची बायको माझ्या दारात आली. आत बसलीही नाही. "भावोजी, टाळ्या वाजवायला त्यांना बोलावलंत. आता दवाखान्यात कोण नेणार? की तुमची शाल पांघरून निजवून ठेवू?"

ती गेल्यावर मी माळ्यावरून वही काढली. पानं पिवळी पडली होती, पण सगळी शाबूत.

दुसऱ्या दिवशी तिघे विम्याच्या कार्यालयात गेलो. तो बाहेर बाकावर बसला. खिडकीतल्या बाईंनी वही चाळून विचारलं, "काका, अक्षर कोणाचं?"

"माझं. सह्यासुद्धा."

"मग राजीनामे खोटे होते, हा माणूस कामावरच होता, असं लिहून द्याल? तुम्हालाही विचारणा होईल."

लिहून दिलं. अर्ध्या पानाचं काम होतं, त्याला मी इतकी वर्षं लावली. बाईंनी पोच दिली. कार्ड मिळेलच असं त्या म्हणाल्या नाहीत, वरचे साहेब ठरवतील म्हणाल्या.

मी बाहेर येऊन पोच त्याच्या हातात दिली. तो ती डोळ्यांजवळ धरून वाचत राहिला.

"वाळवीने सोडली म्हणायची."

"वाळवी लागलीच नव्हती," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. तुझ्या माळ्यावर वाळवीचं औषध मीच मारून दिलं होतं. विसरलास?"

मला खरंच आठवत नव्हतं. "मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

त्याला खोकला आला. तो ओसरेपर्यंत त्याची बायको पाठ चोळत राहिली. मग त्याने पोच घडी करून गोळ्यांच्या पिशवीत घातली आणि म्हणाला, "दरवर्षी पुढच्या रांगेत येऊन बसत होतो ना. अजून काय बोलायचं?"