वॉर्ड चार, खाट अकरा

माझे भाऊजी पाण्याचे मीटर वाचायचे. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून काचेत दिसेल तोच आकडा त्यांनी लिहिला, अंदाजाने एकही नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मात ‘सध्याचा पत्ता’ असा रकाना होता. त्यांनी लिहिलं, वॉर्ड चार, खाट अकरा. सध्या ते तिथेच तर होते.

सतराव्या दिवशी ते गेले. काउंटरवर सांगितलं तेवढं ताईने भरलं. तपासण्यांचं एक बिल मागाहून निघालं, ते वर्षभर त्या खाटेच्या पत्त्यावर जात राहिलं आणि एकाही शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शेवटी हॉस्पिटलने ते वसुली एजन्सीच्या गळ्यात मारलं. त्या लोकांना मात्र ताईचा नंबर एका दुपारीत सापडला.

नोटिशीत लिहिलं होतं, ‘थकबाकीदाराने हेतुपुरस्सर खोटा पत्ता दिला.’ रक्कम ताईच्या चार पगारांएवढी. त्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

“खोटं लिहिलं म्हणे त्यांनी,” एवढंच म्हणाली.

मी तिला घेऊन एजन्सीत गेले. खुर्चीतला माणूस दात कोरत होता. असल्या माणसाला आपल्या घरातलं दुःख सांगावं लागतं, याचीच मला चीड आली.

“निम्मे भरा बाई, विषय संपवू.”

“पूर्ण भरते. हे वाक्य खोडा.”

“तो शेरा हॉस्पिटलचा आहे.”

हॉस्पिटल म्हणालं, फाइल आता एजन्सीकडे आहे. तीन आठवडे ही टोलवाटोलवी चालली. मी दोन्हीकडे तोंड सोडलं, उपयोग शून्य. अखेर आम्हाला कंटाळून एजन्सीच्या साहेबाने एक कागद पुढे सरकवला. सगळी रक्कम माफ. फक्त वारस म्हणून खाली सही करायची, की वरचा मजकूर, खोट्या पत्त्याच्या त्या वाक्यासकट, मान्य आहे.

ताईने पेन उचललंच नाही.

मी वैतागले होते. “कर ना सही,” मी म्हणाले, “भाऊजींना आता काय फरक पडतो?”

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दात कोरणाऱ्याकडेसुद्धा तिने कधी तसं बघितलं नव्हतं. मग उठून एकटीच जिना उतरली.

ताई दरमहा हप्ता भरते, पूर्ण रकमेचा. शेरा तसाच आहे. एजन्सीवाल्यांशी ती महिन्यातून एकदा तरी बोलते, माझ्याशी नाही.