किंचित गढूळ

माझ्या नवऱ्याची नोकरी इंजिनांचं पाणी तपासायची होती. कुणाला सांगितलं की वाटायचं, बाई थट्टा करतेय. पण ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत जयपूरला अजून वाफेची इंजिनं धावत होती, आणि तिथलं पाणी इतकं खारं की बॉयलरच्या आत बघता बघता क्षारांचा थर चढायचा. म्हणून शेडमध्ये एक छोटी प्रयोगशाळा होती आणि तिथे आमचे मनमाडचे सुपुत्र दिवसभर काचेच्या नळ्या हलवत बसायचे. ही सवय घरापर्यंत यायची. आमटीची वाटी समोर ठेवली की आधी उजेडाकडे धरून बघायचा, मग भुरका मारायचा. मी एकदा विचारलं, "काय अहो, इंजिनाला चालेल का?" तर गंभीरपणे म्हणाला, "मीठ जास्त आहे."

लग्नाला दोन वर्षं झाली आणि मला ल्युपस झाला. म्हणजे झाला आधीच होता, नाव उशिरा कळलं. आधी बोटांचे सांधे सुजले, मग बारीक ताप, मग नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा. घरमालकीण मुलतानी माती लाव म्हणाली, सासूबाईंनी चंदन उगाळलं, मी दोन्ही लावलं आणि भुतासारखी दिसले. त्यातच दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात गर्भ पडला. त्यावर मी फारसं लिहिणार नाही. तेव्हा ज्या दवाखान्यात नेलं, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझे गाल बघितले, रक्त तपासलं आणि नाव सांगितलं. समजावून सांगताना म्हणाले की शरीराचं रक्षण करणारी फौज बिथरते आणि आपल्याच माणसांवर धावून जाते. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या मराठीत पुटपुटल्या, "म्हणजे स्वभावावर गेलंय."

मग गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी ताप गेला, सांधे उतरले आणि चेहरा पुरीसारखा टम्म फुगला. झोटवाड्यातली आमची अख्खी गल्ली खूश झाली. "बहूची तब्येत सुधारली!" असं ज्याने त्याने सासूबाईंना सांगितलं आणि सासूबाईंनी ते श्रेय आपल्या हातच्या तुपाला दिलं. ऊन टाळा, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. जयपुरात राहून ऊन टाळायचं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवले आणि बाहेर पडताना पदर कपाळाखाली ओढायला लागले, वर छत्री. त्याचाही गल्लीने भलताच अर्थ लावला. मराठी असून किती शालीन सून, सासऱ्याच्या वयाच्या माणसासमोर तोंड उघडत नाही, अशी माझी कीर्ती पसरली. तोंड उघडत नाही! सासूबाईंना ते ऐकून ठसका लागला होता.

मला मात्र एकच गोष्ट हवी होती. मूल. आधी सगळे सरळ नाही म्हणाले. पण हे डॉक्टर वाचणारे होते. परदेशातली मासिकं त्यांच्याकडे टपालाने तीन-चार महिने उशिरा यायची, आणि ती वाचून ते नवीन काही सापडलं की पेशंटलाही उत्साहाने सांगत बसायचे, बाहेर रांग का असेना. पूर्वी ल्युपसच्या बाईला मूल होऊ द्यायचं नाही असाच नियम होता, ते म्हणाले. आता तो नियम सैल व्हायला लागलाय. काही जणींच्या रक्तात एक वेगळाच दोष सापडू लागलाय, त्याने रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पोटातलं मूल टिकत नाही. त्यावर कुणी कुणी साधी ॲस्पिरिन देऊन बघतायत. अजून सगळं चाचपडणंच आहे. पण एक गोष्ट बहुतेकांना पटलीय, की आजार शांत हवा, आणि मूत्रपिंड सर्वांत शांत हवं. "सहा महिने लघवी स्वच्छ दाखवा," ते म्हणाले, "मग आपण बोलू."

दवाखान्यातली तपासणी दोन महिन्यांतून एकदा व्हायची. मधल्या दिवसांचं काय? त्यावर माझ्या नवऱ्याने स्वतःहून हात वर केला. रोज सकाळी घरी मी तपासतो, म्हणाला, माझं कामच आहे ते. डॉक्टरांनाही ही कल्पना फार आवडली. "दवाखान्याला एक दिवस दिसतो, तुम्हाला रोज दिसेल," ते म्हणाले. एकदाही गढूळ आली तर सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असं ठरलं.

झालं. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत स्पिरिटचा दिवा आला, काचेची नळी आली, ॲसिडची बाटली आली. रोज सकाळी साहेब बनियनवर उभे. नळीतल्या लघवीचा वरचा भाग दिव्यावर तापवायचा, दोन थेंब ॲसिड टाकायचं आणि नळी काळ्या कागदासमोर धरायची. दुधी ढग उठला तर मूत्रपिंड कुरकुरतंय. मी दाराबाहेर उभी राहायची, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी.

"स्वच्छ," आतून आवाज यायचा, आणि माझा दिवस सोन्याचा जायचा. असं महिनाभर चालायचं. मग एखाद्या सकाळी आत जरा जास्तच वेळ शांतता, आणि मग, "किंचित गढूळ."

"कुठे? मला दाखवा."

तो नळी कागदासमोर धरायचा. मला त्यात काही म्हणता काही दिसायचं नाही. "तुला नाही दिसणार गं, सरावाचं काम आहे," म्हणायचा, आणि वहीत "किंचित" लिहून मोकळा. की पुन्हा एकपासून. दवाखान्यातला रिपोर्ट मात्र दर वेळी चांगला. मी म्हणायची, माझी लघवी पाहुण्यांकडे शहाण्यासारखी वागते आणि घरी गुण उधळते. डॉक्टर हसायचे, पण वही बघून मान हलवायचे. घरचं रोजचं खरं, थांबू या, म्हणायचे. सप्टेंबरपासून असं तीनदा झालं. मी रडले, देवाला बोलले, सासूबाईंशी विनाकारण भांडले. पण ज्याच्या हातात नळी होती त्याच्याशी कधी भांडले नाही. त्याचा काय दोष, बिचारा पहाटे उठून बायकोची लघवी उकळतोय!

मग होळी झाली आणि आठवड्याने बास्योडा आला. तिकडे त्या दिवशी शीतलामातेसाठी घरात चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार खातात. आमच्यात ते श्रावणात, पण घरमालकिणीचं बघून सासूबाईंनी जयपूरचंही व्रत उचललं होतं. देवाच्या बाबतीत त्या कुठल्याच प्रांताला नाराज करायच्या नाहीत. डॉक्टरांनी मला शिळं खायला मनाई केली होती, म्हणून माझ्यापुरती दूध-केळ्यांची सोय त्यांनी न सांगता करून ठेवली. पण सकाळी नवरा न्हाणीघराकडे वळला तशी त्यांनी वाट अडवली.

"आज घरात काडी ओढायची नाही."

"आई, तो स्पिरिटचा दिवा आहे, चूल आहे का?" मी म्हटलं.

"ज्योत ती ज्योत. देवीला काय कळतं, वर पातेलं आहे की नळी?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ होती. मला आजचा निकाल हवाच होता. मी आशेने नवऱ्याकडे बघितलं. एरवी आईच्या सोवळ्याओवळ्याला तो हसायचा. त्या दिवशी लगेच म्हणाला, "राहू दे गं. एका दिवसाने काय बिघडतं?" आणि डबा न घेताच सटकला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी औषधाची रिकामी बाटली उकळत्या पाण्याने धुवायला निघाले, तर उकळतं पाणीही नाही! शेवटी ॲसिडच्या दोन थेंबांनी खळखळून धुतली, नळाखाली दहादा विसळली, भरली, पिशवीत घातली, पदर ओढला, छत्री उघडली आणि ऑटो धरून शेडवर गेले. तिथे दिवसभर बर्नर पेटलेला असतो, तिथे शीतलामातेचं काही चालत नाही.

नवरा नव्हता. लाइनवरच्या कुठल्याशा विहिरीचं पाणी आणायला गेला होता. प्रयोगशाळेत पांढऱ्या मिशांचे म्हातारे सहायक एकटेच होते. मी बाटली पुढे केली.

"कौनसे इंजन का है?" त्यांनी विचारलं.

"मेरा."

ते गडबडून उभे राहिले. मग माझी ओळख पटली तसे हसले आणि काही न विचारता नळी काढली. तापवली, थेंब टाकले, काळ्या फरशीसमोर धरली.

"एकदम साफ, बहूजी."

"नीट बघा. किंचितही नाही?"

"अजी, रोज़ ही साफ आता है." त्यांना माझ्या अज्ञानाची जरा दयाच आली असावी. "साहब रोज़ शीशी लाते हैं न. घर का भरोसा नहीं करते, यहाँ दुबारा जाँचते हैं. पहले आपका, फिर इंजन का." आणि त्यांनी बॉयलरच्या पाण्याची वही उलटी करून मागची पानं माझ्यासमोर ठेवली. माझ्या नवऱ्याचं किरटं अक्षर. तारीख, आणि पुढे शून्य. तारीख, शून्य. घरी ज्या तीन सकाळी "किंचित" झालं होतं, त्या तारखा मला तोंडपाठ होत्या. तिथेही शून्यच होतं.

घरी कशी आले मला आठवत नाही. परत येताना पैसे वाचवायला बस घेतली होती आणि पदराआड मी रडत होते एवढं आठवतं, कारण शेजारच्या बाईने पाठीवर हात ठेवून विचारलं, "पीहर से आ रही हो?" म्हणजे माहेराहून का. मी म्हटलं, "नहीं, नवऱ्याच्या ऑफिस से."

संध्याकाळी तो आला. मी बसायलाही दिलं नाही.

"शेडमधली वही बघितली मी."

त्याने चपला काढल्या आणि हातातच धरून उभा राहिला. मी जे तोंडात येईल ते बोलले. खोटारडे आहात म्हटलं, माझे सहा महिने चोरलेत म्हटलं, इंजिनाच्या पाण्याचा आकडा कधी एवढासा बदलला नाहीत आणि माझा बदललात, म्हटलं.

"डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून सांगितलं होतं," शेवटी म्हणाला. "मूत्रपिंड बिघडू शकतं. कायमचं. दोघंही जाऊ शकतात. तू ऐकलं नसतंस. मूल नसलं तर मी राहीन गं. तू नसलीस तर मला जमणार नाही."

"मग तसं तोंडाने सांगायचं होतं!"

"तुझ्यापुढे बोलता येतं का कुणाला?"

सासूबाई आतून गार पुऱ्यांचं ताट घेऊन आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. ताट मुलासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणून सकाळी माझ्या देवीची एवढी भक्ती आली होती तुला." आणि त्याच्या टाळूवर एक टपली मारली. पण मग कितीतरी वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "घरची वही?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवराच बोलला. "सर, सप्टेंबरपासून रोज स्वच्छ आहे. मी खोटं लिहिलं." आणि पहाटेच शेडवर जाऊन उतरवून आणलेली त्या पानांची नक्कल टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. पानं शांतपणे उलटली, दवाखान्याचे रिपोर्ट शेजारी लावले. मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि त्याला जे जे सांगितलं होतं ते सगळं मला सांगितलं, काहीही मऊ न करता. आजार पुन्हा उसळू शकतो. रक्तदाब चढू शकतो. मूल फार लवकर येऊ शकतं, किंवा येणारच नाही. मासिकांत रोज नवं काही छापून येतंय, पण तुमचं काय होईल हे कुठल्याच मासिकात लिहिलेलं नाही. "अब आप बताइए," ते म्हणाले.

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. ज्या प्रश्नासाठी मी घरदार डोक्यावर घेतलं होतं तो समोर आला, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. इतके महिने मला भीती कशी वाटली नाही? मी तर नुसती रागावत होते. घाबरायचं सगळं काम तो एकटाच करत होता, रोज सकाळी, बनियनवर उभा राहून.

तो खाली बघत बसला होता. मी डॉक्टरांदेखत त्याचा हात धरला, तेव्हा असं कुणी करत नसे. "अहो," मी मराठीत म्हटलं, "आता घाबरायचं तर दोघांनी मिळून घाबरू या." त्याने मान वर केली. होकारार्थी हलवली. मग मी डॉक्टरांकडे वळले आणि म्हटलं, "जी, हम दोनों को चाहिए."