दर्याचो वैद

ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगायची टाळली. कोणी समुद्राच्या पाण्याबद्दल बोलू लागलं की मी विषय बदलायचो.

तोंडवलीला मी शाळामास्तर होतो. एका संशोधन संस्थेने मला थर्मामीटर आणि वही दिली होती. रोज सकाळी होडीतून थोडं आत जाऊन बादलीभर पाणी काढायचं आणि त्याचं तापमान लिहायचं. उपग्रह समुद्राची उष्णता वरून मोजतो. ते माप बरोबर येतं का, हे माझ्या बादलीवरून ताडायचं होतं. पहिलं वर्ष नेमाने गेलो. मग कंटाळलो. घरी बसून गेल्या वर्षीचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवू लागलो.

माझा शेजारी रापणकर. जन्म किनाऱ्यावर जाळं ओढण्यात गेलेला. एकदा म्हणाला, "मास्तरांनु, दर्याक ताप इलो हा. बांगडो खोल पळालो."

"तुका कसा कळला?"

"माझ्या ढोपरांक इचारा. ती जल्मभर पाण्यातच आसत."

ग्रामसभेत तो पुन्हा तेच बोलला. कोणीतरी येऊन पाणी तपासावं, असं त्याचं म्हणणं. मी वही उघडली. "पाणी गेल्या वर्षासारखाच आसा. हो बघा आमचो दर्याचो वैद!" सभा खदखदून हसली. ते नाव त्याला कायमचं चिकटलं. पुन्हा तो सभेत कधी बोलला नाही.

मी निवृत्त झाल्यावर संस्थेतली एक तरुण बाई शाळेत आली. तिने भिंतीवर उपग्रहाचे नकाशे दाखवले. आमच्यापुढचा पिवळा समुद्र वर्षागणिक तांबडा होत गेलेला. "एका दिवसावरून काही ठरत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं शेजारी शेजारी ठेवली, की हवामान बदलताना दिसतं." मग माझ्याकडे वळली. "सर, तुमचं पहिलं वर्ष उपग्रहाशी छान जुळतं. पुढे थर्मामीटर बिघडला असावा."

मी मान डोलावली. तो थर्मामीटर अजून कपाटात आहे. उत्तम चालतो.

त्याच संध्याकाळी शेजारी गेलो. तो अंथरुणाला खिळला होता.

"वैदाक बघूक इलात?" तो हसला. "दर्याचो ताप उतारलो काय?"

"नाय रे," म्हणालो. चहा घेतला आणि उठलो.

आठवड्याभरात तो गेला. अंगण ओलांडताना घोकलेलं वाक्य माझ्यापाशीच राहिलं: ताप खरो होतो, वही खोटी होती, माका माफ कर.